नऊ रिंगांच्या मागावर, शिरवळ ते सांगली

सातारा-सांगलीकडे तीन दिवस जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, कासचं पठार बघितलं का, सज्जनगड चढलात का, औदुंबरला दर्शन घेतलंत का. मी यातलं काहीही केलं नाही. मी बघितलं ते एक वर्कशॉप, उसाच्या कडेला असलेलं एक घर आणि बांगड्यांचं एक दुकान. त्या तिन्ही ठिकाणी लोकांनी मला प्रेमाने खाऊ-पिऊ घातलं आणि एकही घास मला धड लागला नाही.

कारण एवढंच, की एक उत्तर फार बरोबर आलं होतं.

मी मूळची अमरावतीची. गेली वीस-बावीस वर्षं पुण्याजवळच्या एका प्रयोगशाळेत धातू ओढून, दाबून, मोडून बघण्याची नोकरी करते. अणुभट्टीत इंधनाच्या गोळ्या बारीक नळ्यांत भरलेल्या असतात. नळीची भिंत दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवावीत एवढीच जाड. इंधन आणि बाहेरचं पाणी यांच्यामध्ये तेवढीच काय ती आडकाठी. वर्षानुवर्षं गरम पाण्यात राहून त्या धातूत हायड्रोजन शिरतो आणि नळी हळूहळू ठिसूळ होते. किती शिरला की धोका, हे कळायला नळी मोडूनच बघावी लागते. पण वापरलेली नळी किरणोत्सारी असते, म्हणून तिचा होईल तितका लहान तुकडा घ्यायचा. तुकडा जितका लहान, तितका हाताळणाऱ्याला धोका कमी. आता एवढासा तुकडा सगळ्या नळीबद्दल खरं सांगतो का, हा प्रश्न उरतोच. ते तपासायला आम्ही आधी कोऱ्या नळ्यांवर सराव करतो. कोऱ्या नळीत किरणोत्सार वगैरे काही नसतो, ती घरात ठेवली तरी चालेल. तिला भट्टीत घालून मुद्दाम हायड्रोजन पाजायचा, मग जोडव्याएवढ्या रिंगा कापायच्या आणि एकेक रिंग दोन अर्धगोल खुंट्यांवर चढवून तुटेपर्यंत ओढायची.

अशा चाळीस रिंगा मी ओढल्या. चाळीसच्या चाळीस जवळजवळ सारख्याच जोराला, छान ताणल्या जाऊन मग तुटल्या. ठिसूळ एकही निघाली नाही. आमचे विभागप्रमुख देशपांडे सर आलेख बघून म्हणाले, ‘असं देखणं चित्र बघायला मिळावं म्हणून लोक निवृत्त व्हायचे थांबतात.’ सर स्वतः दोन महिन्यांनी निवृत्त होणार आहेत. सोमवारी समिती बसणार होती. एवढा हायड्रोजन असला तरी नळी चालते, हा आमचा आकडा मंजूर झाला की नळ्या किती काळ वापरायच्या याचं गणित त्यावर मांडलं जाणार होतं. अहवालावर माझी सही होऊन गेली होती.

आणि मला झोप येईना. वर्गातल्या चाळीस मुलांनी निबंध शब्दाला शब्द सारखा लिहिला तर कुठल्याही बाईंना कळतं की काहीतरी गडबड आहे. धातू मुलांपेक्षा जास्त द्वाड असतो. सरांना बोलले तर ते म्हणाले, ‘तुम्हाला उत्तर वाईट आलं तरी त्रास, चांगलं आलं तरी त्रास. दोन दिवस सुट्टी घ्या बघू.’ मी खरोखरच घेतली. अर्जावर ‘घरगुती कारण’ असं लिहिलं आणि गुरुवारी सकाळी स्वारगेटहून शिरवळची गाडी धरली. आमच्या रिंगा शिरवळला कापल्या जातात.

शिरवळ, गुरुवार

महामार्गावरून जाताना शिरवळ म्हणजे नुसत्या कंपन्यांच्या पाट्या आणि हॉटेलं असंच वाटतं. पाट्यांच्या मागे दोन गल्ल्या आत गेलं की पत्र्याच्या शेड लागतात. त्यातल्या एका शेडमध्ये जयसिंग पवारांचं वर्कशॉप आहे. पवार फौजेच्या वर्कशॉपमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मिशी अजून नोकरीत आहे. त्यांच्याकडे केसाएवढ्या बारीक पितळी तारेने, पाण्यात ठिणग्या पाडत धातू कापणारं मशीन आहे, आणि ते इतकं स्वच्छ ठेवलेलं असतं की बघूनच आमच्या प्रयोगशाळेची आठवण होऊन लाज वाटते.

आमच्याकडे अमरावतीला पाहुणा आला की आधी पाणी, मग बसणं, मग तब्येतपाणी, मग चहाची विचारणा. इथे मी चपला काढायच्या आत चहा आला, आणि तो संपायच्या आत दुसरा.

‘म्याडम, तुमी सोता आला? काय कंप्लेंट हाय का मालाची?’

‘नाही. काहीच तक्रार नाही, म्हणून आले.’

पवारांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे जरा निरखून बघितलं. मी त्यांना रिंगा कापायचं मशीन दाखवा म्हटलं, तार दाखवा म्हटलं, पाणी कधी बदलता ते विचारलं. ते शांतपणे सगळं दाखवत गेले. मशीनशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली होती. कुठलं काम, किती नग, किती वाजता, एवढंच त्यात. माझ्या नळ्यांची नोंद मी शोधून काढली. कापलेले नग : ४९.

‘मी तर चाळीस मागवल्या होत्या.’

‘व्हय. चाळीसच दिल्या की.’

‘मग या नऊ?’

‘त्या सुनंदाकडं मोडल्या.’ पवार अगदी सहज बोलले. ‘सुनंदा म्हंजे फिनिशिंग करनारी बाई. रिंग कापली की कडंला बारीक कूस ऱ्हाती, ती घासून काडावी लागती. आदी हितंच हुती कामाला. सासू आजारी पडली तवापासनं कडेगावकडं गावी असती, आमी तिला काम घरी पाठिवतो. तिनं फोन केला, दादा, काय रिंगा मोडल्या, बदली पायजेत. नळी शिल्लक हुती, दिल्या कापून.’

‘पण मोडल्या कशा?’

‘ते तिला ठावं. पर तिच्या हातनं उगं काय मोडायचं न्हाई. लय बेस हात हाय बाईचा.’

चाळीस देखणी उत्तरं का आली ते उमगायला लागलं होतं. ज्या रिंगा मोडायच्या होत्या त्या माझ्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. माझा आवाज चढला. मी म्हटलं, ‘पवार, मोडलेली रिंग हीच तर मला हवी होती. मला कळवायला नको का? एवढं मोठं काम आणि तुम्ही परस्पर बदलून देता?’

पवार उठले. कपाटातून फाइल आणली, एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आमचीच ऑर्डर. ‘सदोष, तडा गेलेले अथवा मोडके नग स्वीकारले जाणार नाहीत. असे नग पुरवठादाराने स्वखर्चाने बदलून द्यावेत.’ खाली माझी सही, तारखेसकट. हे वाक्य आमच्या कार्यालयात प्रत्येक ऑर्डरवर आपोआप छापून येतं, मग खुर्च्या मागवा नाहीतर झाडू. मी ते कधी वाचलंच नव्हतं.

‘फौजेत आमाला येकच शिकिवलं,’ पवार म्हणाले. ‘आर्डरीत लिवलंय तेवडं करायचं.’

ते बरोबर होते आणि मी चूक होते, हे कळल्यावर माणूस जसा उगाच दुसऱ्या कपाला हो म्हणतो तशी मी हो म्हणाले. पवारांनी सुनंदाला तीन वेळा फोन लावला. फोन बंद होता. त्यांनी मला पत्ता लिहून दिला, वस्तीवर कुठल्या वळणाला उतरायचं त्याचा नकाशा काढून दिला, आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं. खंबाटकीच्या घाटात गाडी हळू झाली. खाली खंडाळ्याचे दिवे लागत होते. बाजूच्या खिडकीतल्या बाई कुणाला तरी फोनवर सांगत होत्या, ‘किती मस्त दिसतंय.’ मी मनात एकोणपन्नासातून चाळीस वजा करत होते, आणि दर वेळी नऊच उरत होते.

सातारा ते कडेगाव, शुक्रवार

साताऱ्यात मुक्काम केला. लोकांकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून सकाळी स्टँडजवळ कंदी पेढे घेतले. तेवढ्यात सरांचा निरोप आला : सोमवारी दहा मिनिटं पुरे, मी एकच आलेख दाखवतो, तो सगळं बोलतो. मी बाकावर बसून त्या पुड्यातले चार पेढे एकापाठोपाठ एक खाल्ले. खरपूस भाजलेल्या खव्याची चव छान असते असं म्हणतात. मग दुसरा पुडा विकत घ्यावा लागला.

कऱ्हाडला गाडी बदलली. विट्याच्या गाडीत शेजारी एक म्हातारे फेटेवाले गृहस्थ होते. त्यांनी कऱ्हाडचा पूल ओलांडायच्या आत माझं माहेर, सासर, नवऱ्याची नोकरी आणि मुलं किती हे सगळं विचारून घेतलं. आमच्याकडेही माणसं चौकशा करतात, पण जरा आडवळणाने. इथे प्रश्न सरळ येतो आणि उत्तराची वाट बघत उभा राहतो. ‘आन् कडेगावात कुणाकडं?’ असं त्यांनी विचारलं तेव्हा मी ‘कामाने’ म्हणून खिडकीबाहेर बघायला लागले. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या पुढे डुलत होत्या आणि आमचा ड्रायव्हर त्यांच्यामागे निमूटपणे चालला होता. घाटात तर गाडी माणसाच्या चालीने चढली. मी सारखी घड्याळ बघत होते, जणू मोडलेल्या रिंगा उशीर झाला तर आणखी मोडणार होत्या.

पवारांचा नकाशा चोख होता. मीच एक वळण अलीकडे उतरले. त्यातून चपलेचा अंगठा तुटला. पदराची पिन काढून तो कसाबसा अडकवला आणि दोन्ही बाजूंनी ऊस असलेल्या कच्च्या रस्त्याने फरफटत निघाले. कारखान्याच्या मळीचा आंबूस वास सगळीकडे भरून राहिला होता. शेवटी ट्रॅक्टरवरच्या एका माणसाने न विचारताच मला वर घेतलं आणि घराच्या दारात उतरवून न बोलताच निघून गेला.

घरात सुनंदाच्या सासूबाई एकट्याच होत्या. सगळे त्यांना आक्का म्हणतात. आजारातून उठलेल्या होत्या, पण आवाज खणखणीत होता. ‘सुनी सांगलीला गेलीया भावाकडं,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्या आश्विनीचं पोलीस भरतीत नाव लागलं न्हवं का. आता चौकशी चालू हाय तिची, घरच्यांवर काय गुन्हाबिन्हा हाय का बगत्यात. त्ये कागुद द्यायला मायलेकी गेल्यात. तुमी बसा, जेवा, आन् मग काय त्ये सांगा.’

जेवायला बाजरीची भाकरी, दही आणि हिरव्या मिरचीचा खर्डा होता. आम्हा वऱ्हाडच्या लोकांना आपण फार तिखट खातो अशी मिजास असते. ती माझी तिथे दुसऱ्या घासाला उतरली. आक्कांनी हसत दह्याची वाटी पुढे सारली.

खिडकीशी सुनंदाची कामाची जागा होती. एक बुटकं टेबल, त्यावर काच, काचेवर बारीक पॉलिश पेपर नंबराप्रमाणे लावलेले, भिंग, कापूस, आणि सगळ्यावर धुतलेलं पांढरं फडकं. मोडलेल्या रिंगा मात्र तिथे नव्हत्या. मी भिंग उचलून बघत होते तेव्हा आक्कांनी विचारलं, ‘आवं, पर सुनी घासती ती कडी लागत्यात कशाला?’

इथे मी माती खाल्ली. काम सोपं करून सांगायची मला सवय आहे आणि त्याचा थोडा अभिमानही आहे. मी सांगितलं, की अणुभट्टीत अशा नळ्या असतात, त्या फुटू नयेत म्हणून आम्ही तपासतो.

आक्कांचा हात थांबला. ‘आनू म्हंजे त्यो बाँबचा?’

‘नाही, नाही. वीज करायचा. आणि या नळ्या कोऱ्या आहेत, त्यात काहीही धोका नाही.’

‘मग तुमी पुण्यासनं हितवर का आला?’

‘सुनंदाताईंकडे काही रिंगा मोडल्या, त्याची चौकशी करायची होती.’

चौकशी हा शब्द माझ्या तोंडातून गेला आणि मला जीभ चावावीशी वाटली. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ पोलिसांच्या चौकशीचीच चर्चा चालू होती, तिथे मी दुसरी चौकशी घेऊन जेवायला बसले होते. आक्कांनी मला सांगलीचा पत्ता दिला, पेढे देवापुढे ठेवले, पण त्यानंतर त्या हसल्या नाहीत. मी निघाले तेव्हा मागे त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला. ‘सुने, ऐक. आनूवाल्या बाई येत्यात तुझ्याकडं.’

सांगली, शनिवार

सांगलीच्या पेठेत सकाळी दहाला दुकानं उघडत होती. भडंग भाजल्याचा, हळदीचा आणि नुकत्याच शिंपडलेल्या पाण्याचा असा वास होता. सुनंदाच्या भावाचं दुकान बांगड्यांचं. ते जातीचे कासार. वडील जत्रांतून बांगड्या भरायचे, आता भाऊ पेठेत बसतो. भिंतीभर हिरव्या, लाल, पिवळ्या बांगड्यांचे तोडे आणि मधोमध गादीवर सुनंदा. पंचेचाळिशीची, लहानखुरी, डोळ्यांत झोप नसलेली. रात्री तीही जागीच होती हे बघून मला कळलं. आपल्यामुळे कुणीतरी जागं राहिलं ही जाणीव फार वाईट असते.

मी बसायच्या आत ती म्हणाली, ‘मोडलेली कडी टाकून दिली मी. भंगारात गेली. माझ्याकडं काय बी न्हाई.’

‘सुनंदाताई, मी तुमच्यावर रागवायला आलेले नाही.’

‘पवारदादांनी बदली दिल्या, मी चाळीस पुरी करून पाठिवली. माझं काय चुकलं?’

‘काही चुकलं नाही. चूक माझी आहे.’

तिने मान फिरवली. तिला ते पटलं नव्हतं, आणि का पटावं? मोठ्या ठिकाणची माणसं गोड बोलत आली की पुढे काहीतरी निघतंच, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. त्या नऊ रिंगा भंगारात गेल्या असतील तर माझ्या हातात वहीतला एक आकडा सोडून काही राहत नव्हतं. सर म्हणतील, हाताळताना मोडल्या असतील, आणि सोमवारी तो देखणा आलेख भिंतीवर लागेल.

तेवढ्यात एक कुटुंब लग्नाचा चुडा घ्यायला आलं. नवरी मुलगी, तिची आई आणि मावशी. सुनंदाच्या भावाने हिरव्या बांगड्यांचा तोडा सोडला. एकेक बांगडी घ्यायची, दुसरीवर हलकेच आपटून कानाशी धरायची, मग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून किंचित दाबायची. दोन बांगड्या त्याने न बोलता बाजूला टाकल्या. मावशीने विचारलं, ‘ह्या का काडल्या? चांगल्या तर हायत.’ तो म्हणाला, ‘दिसत्यात चांगल्या. तडा असंल तर त्यो नवरीच्या मनगटात जायच्या आदी आपल्या बोटाला कळाया पायजे.’

मी सुनंदाकडे बघितलं. तिची बोटं मांडीवर नकळत तीच हालचाल करत होती.

गिऱ्हाईक गेल्यावर मी विचारलं, ‘माझ्या रिंगा तुम्ही अशाच दाबून बघितल्या का? सगळ्या?’

कामाचा अभिमान भीतीपेक्षा वरचढ ठरला असावा. ‘मग? कूस घासली की येकेक दाबायची. बाबांची सवं हाय ती. न दाबता माल दारातनं भायेर जात न्हाई आमच्या.’

‘आणि मग?’

‘बाकीची कडी दाबली की दबत्यात आन् सोडली की परत गोल हुत्यात. ह्यातली काय दबतच न्हवती. कट करून मोडायची. पयलं मोडलं तवा मला वाटलं, माजाच हात जड झाला. मग आनखी मोडली. मग ध्येनात आलं. पवारदादांची मानसं कडी कापल्या वळीनं धाग्यात ववून देत्यात. नळीच्या ज्या टोकाला लाल रंग हाय, त्या कडंला लाल दोऱ्याची गाठ. मोडली ती समदी लाल गाठीकडची. येका धाग्यातली पाच, दुसऱ्यातली चार. मदलं येक बी मोडलं न्हाई.’

तो लाल रंग मीच लावला होता. भट्टीच्या दाराकडचं टोक ओळखू यावं म्हणून. ते दार नीट बसत नाही, त्यामुळे ते टोक बाकी नळीपेक्षा थोडं थंड राहतं, आणि या धातूतला हायड्रोजन गरम भागाकडून थंड भागाकडे सरकत जाऊन तिथे साठतो. ही गोष्ट मी नव्या मुलांना दर वर्षी शिकवते. मी खूण केली आणि विसरून गेले. वर सगळ्या रिंगांत हायड्रोजन सारखाच आहे असं अहवालात लिहून मोकळी झाले. अणुभट्टीतली नळी तरी सगळीकडे सारखी गरम कुठे असते? म्हणजे आमचा आकडा फक्त नळीच्या सुखरूप भागाचा होता. उरलेल्या भागाची चाचणी कडेगावच्या खिडकीशी दोन बोटांनी होऊन गेली होती, आणि तिचा निकाल आम्ही बदलून मागितला होता.

‘हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?’

‘कुनी इचारलं?’

मी तिला सगळं सांगितलं. सोमवारी काय होणार आहे, त्या नळीच्या आत काय असतं, तो आकडा चुकीचा गेला तर काय होऊ शकतं. घाबरवायला नाही, मला स्वतःलाच भीती वाटत होती म्हणून. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, ‘कडी दिली तर माजं नाव लिवनार का तुमी?’

‘लिहायला हवं. हे तुम्ही शोधलंत. तुमच्या नावाने ते...’

‘न्हाई.’ तिने माझा हात धरला. ‘ताई, आश्विनीचा कागुद आजून सायबाच्या टेबलावर हाय. चार वर्सं पळाली पोरगी त्यासाठी. पाटं उठून, उसाच्या रस्त्यानं. आता आनूच्या कामात आईच्या हातनं माल मोडला, आसं कुठं बी लिवलं, कुनी वाचलं, तर काय समजंल त्यो? तुमाला ठावं हाय त्यात काय न्हाई. त्याला ठावं हाय का?’

मी म्हटलं, असं काही होत नसतं. पण ते म्हणतानाच मला माहीत होतं, की कागदावरचं एक न वाचलेलं वाक्य काय करू शकतं हे मी कालपरवाच बघितलं होतं.

‘नाव लिहिणार नाही,’ मी म्हणाले. ‘कुठेच नाही.’

‘आन् कुनी इचारलं तर?’

‘तरी सांगणार नाही.’

ती उठली, आत गेली आणि तिच्या प्रवासाच्या पिशवीतून टिकल्यांचं जुनं पाकीट घेऊन आली; मोडलेली कडी भावाला दाखवायची म्हणून तिने ते बरोबर आणलं होतं. आक्कांचा फोन आल्यावर ते नदीत टाकून यावं असं तिच्या मनात आलं होतं, हे तिने मला तेव्हाच सांगितलं. आत दोन धागे होते. एकाला पाच रिंगांचे तुकडे बांधलेले, दुसऱ्याला चार रिंगांचे, कापल्या क्रमाने, टोकाला लाल गाठ. भावाकडचं भिंग घेऊन मी तुकड्यांच्या कडा बघितल्या. सरळ, कोरड्या, बिस्किट मोडावं तशा. कुठेही ताणल्याची खूण नव्हती.

भावाने माझ्यासाठी भडंगाचा पुडा आणि हिरव्या बांगड्या आणल्या. सुनंदानेच त्या माझ्या हातात भरल्या, एकेक दाबून बघत. अमरावतीला माझी आई बांगड्या भरल्यावर कासाराला नमस्कार करायची. मी सुनंदाला करायला गेले तर तिने माझे हात वरच्या वर धरले.

दुपारी कृष्णेच्या घाटावर बसून मी सरांना फोन केला. काय घडलं ते सगळं सांगितलं, फक्त नाव आणि गाव सोडून. सर म्हणाले, ‘चिमटीत दाबून मोडलेल्या रिंगा घेऊन तुम्ही समितीसमोर जाणार?’

‘हो.’

‘माझ्या शेवटच्या समितीसमोर.’

‘हो सर.’

‘या मग,’ ते म्हणाले आणि फोन ठेवला. पाणी संथ होतं. घाटावर बायका धुणं धूत होत्या आणि मला परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारायलासुद्धा उठवत नव्हतं.

पुणे, सोमवार

खरं तर प्रवास शनिवारी संपला, पण मनातून तो सोमवारी संपला. सर आलेख दाखवायला उठले नाहीत. त्यांनी मला उठायला सांगितलं. मी पांढऱ्या कागदावर दोन धागे ठेवले, लाल गाठी एका बाजूला करून. भट्टीचं दार, थंड टोक, बदलून दिलेल्या नऊ रिंगा, ऑर्डरवरचं वाक्य, सगळं सांगितलं. अध्यक्षांनी प्रत्येक तुकडा भिंगाखाली धरला. पाऊण तास प्रश्न चालले. शेवटी आकडा मागे घ्यायचं ठरलं, नळीच्या दोन्ही टोकांपासून सगळ्या चाचण्या नव्याने करायच्या ठरल्या, आणि सरांच्या हातून होणारं शेवटचं काम अपुरं राहणार हेही त्यातच ठरून गेलं. सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्यात राग नव्हता, पण आनंदही नव्हता.

मग अध्यक्षांनी माझी टिपणं परत उघडली.

‘इथे एक रकाना कोरा आहे,’ ते म्हणाले. ‘नमुना मशीनवर न लावता हाताने दाबून मोडणं हा आपल्या नियमांत निष्काळजीपणा आहे. निकाल उपयोगी आहे म्हणून मी तो घेतो, पण निष्काळजीपणा कुणाच्या तरी नावावर नोंदवावा लागेल. कुणाच्या हातात मोडल्या या?’

या सगळ्या कामात नळीला खरा प्रश्न विचारणारा तो एकच हात होता. सर माझ्याकडे बघत होते. लेखनिकाने पेन टेकवलं.

‘माझ्या,’ मी म्हणाले.